बुरशी जोमात, ॲसिड कोमात! सायट्रिक ॲसिड बनवताना या चुका टाळा

नाशकात द्राक्षाचा चोथा आहे, उसाची मळी (मोलॅसिस) आहे, त्यामुळे यातून सायट्रिक ॲसिड काढू ही आयडिया दर सीझनला कुणाला ना कुणाला सुचतेच, प्रोजेक्टवाल्या पोरांना तर हमखास. आयडिया चांगलीच आहे. 1917 मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करीनं दाखवून दिलं की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी भरपूर साखर आणि कमी पीएच (म्हणजे आंबट द्रावण) मिळाला की दणकून ॲसिड सोडते, आणि आजही जगातलं बहुतेक सायट्रिक ॲसिड तिच्याकडूनच येतं. गडबड होते ती समजुतीत. फ्लास्कमध्ये बुरशी मस्त माजली की लोक खूश, आणि खरं तर बोंब तिथंच असते. ही बाई सुखात असली की नुसतं अंग धरते. साखर ढीगभर पण नायट्रोजन आणि मँगनीज तोकडं असं ठेवलं तरच ॲसिड बाहेर टाकते.

कल्चरपासून, म्हणजे बुरशीच्या विरजणापासून बघू. कांदाचाळीतल्या कांद्यावर काळी भुकटी दिसते ना, तीही बहुतेक वेळा नायजर नाहीतर तिचीच जवळची बहीण, मग फुकटात मिळतेय म्हणून तीच खरवडून घेतात. नका घेऊ. अशा रानटी बुरशीचा भरवसा नाही, काही जाती ऑक्रॅटॉक्सिनसारखं विष पण बनवतात. पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून नोंद असलेलं कल्चर मागवा.

मग चोथा. वायनरीतून रेड वाईनचा चोथा उचलून आणतात आणि मग विचारतात ॲसिड का नाही! अहो, रेडमध्ये सालं रसाबरोबरच आंबवतात, साखर यीस्टनं आधीच खाल्लेली असते. व्हाईटचा चोथा आंबवण्याआधी पिळलेला असतो, त्यात साखर राहते, तोच मागा. त्याला सल्फाईट (खराब होऊ नये म्हणून टाकतात ते) किती मारलंय तेही विचारा, जास्त असेल तर स्पोअर, म्हणजे बुरशीचे बीजाणू, उगवणारच नाहीत. आणि चोथा ट्रेमध्ये जाड थरात दाबून भरू नका, बुरशीची स्वतःची उष्णता आत कोंडते, तिला 28 ते 30 डिग्री हवं आणि आपल्याकडे मार्च संपता संपता काय होतं ते सांगायला नको.

मळीवाल्यांचं दुखणं वेगळं, आणि इथंच सगळ्यात जास्त बॅचेस मरतात. मळीत लोह, जस्त, मँगनीज ठासून भरलेलं असतं आणि साध्या साखरेच्या मीडियात (बुरशी वाढवायच्या द्रावणात) मँगनीज लिटरला दोन-तीन मायक्रोग्रॅम झालं तरी उत्पादन घसरायला लागतं, मग मळीचं काय होणार! म्हणून पोटॅशियम फेरोसायनाईड टाकून गरम करतात, धातू खाली बसतात. पण डोस ठरलेला नसतो, प्रत्येक लॉटची मळी वेगळी, छोट्या फ्लास्कमध्ये चार डोस लावून बघा मगच मोठी बॅच. आणि फेरोसायनाईडमध्ये ॲसिड ओतून उकळायचं नाही म्हणजे नाही, विषारी वायू सुटतो. एवढं सगळं करून पुढे घासलेल्या लोखंडी पिंपात मीडिया ओतला तर कष्ट पाण्यात, शिवाय बोअरचं पाणी वापरलं असेल तर आधी तेच तपासा.

पीएचचं गणित लोकांना उलटं वाटतं. मळीत सुरुवातीलाच पीएच 2 केला तर स्पोअर उगवत नाहीत, 5 च्या वर सुरू करायचं. पुढे तो 3 च्या खाली गेलाच पाहिजे, वर अडकून राहिला तर सायट्रिकऐवजी ग्लुकॉनिक नाहीतर ऑक्झॅलिक ॲसिड मिळतं. टायट्रेशनमध्ये (अल्कली थेंब थेंब टाकून ॲसिड मोजतात त्यात) मात्र आकडा झकास दिसतो, कारण ते सगळंच ॲसिड मोजतं. तेव्हा थोड्या सॅम्पलमध्ये ॲसेटिक ॲसिड आणि कॅल्शियम क्लोराईड टाका, थंडच, पांढरा गाळ आला की समजा ऑक्झॅलिक घुसलंय.

हवेचं तर विचारूच नका. लाईट गेली, हवा सोडणारा पंप बंद, थोड्या वेळानं परत सुरू, बुरशी दिसायला ठणठणीत पण ॲसिड मात्र पहिल्यासारखं परत येत नाही. सातपूर असो की सिन्नर, पंपाला बॅकअप ठेवा, बाकी खर्च नंतर.

शेवटी चुना घालून कॅल्शियम सायट्रेट खाली पाडताना लोक मिश्रण थंड करून गाळतात, काही भाग तिथंच वाया जातो. हे सायट्रेट थंड पाण्यात जास्त विरघळतं, म्हणून गरम असतानाच गाळा आणि गरम पाण्यानंच धुवा, मगच सल्फ्युरिक ॲसिड टाकून त्यातलं सायट्रिक ॲसिड मोकळं करा. आणि काळे स्पोअर सुकून उडायला लागले की एन-95 मास्क लावल्याशिवाय ट्रे उघडू नका, दमेकऱ्यांनी तर त्या खोलीत जाऊच नका.