हरभरा फुलावर, आभाळ भरलेलं : फवारणीचा पंप काढण्याआधी बांध बघा

ढगाळ हवा आहे आणि हरभरा फुलावर आलाय. घाटेअळीची अंडी आत्ता कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पडताहेत. आठवडाभर दुर्लक्ष झालं, की अळी घाट्याला (हरभऱ्याच्या शेंगेला) भोक पाडून डोकं आत घालते. मग फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

या आठवड्याची कामं :
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी ५
- पक्षीथांबे (पाखरांना बसायला रोवलेल्या काठ्या) एकरी २०
- फुलकळी दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क
- अळ्या बारीक असताना एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) ५०० एलई (अळी-समतुल्य, हे विषाणूचं माप) हेक्टरी, संध्याकाळी
- मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तरच इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम

थांबे पुष्कळ जण रोवतात, पण बरेच थांबे रिकामे राहतात. सोयाबीन निघालं की बांधावर तणनाशक मारतात, नाहीतर काडी लावतात, आणि बोर-बाभूळ तोडून टाकतात. मग कोतवाल पक्षी येणार कुठून? त्याला आधी टेहळायला फांदी लागते. तिथून तो झेप घेतो, अळी उचलतो, परत काठीवर येऊन खातो. साळुंक्या आणि गायबगळे ओळींतून चालत अळ्या टिपतात. उन्हाळ्यात पेटवलेल्या बांधावर चंडोल-तित्तिराची घरटी जळतात, ढेकळांत घातलेली टिटवीची अंडीही वाचत नाहीत. दरवर्षी हेच बघतोय, आणि त्याच शेतांत घाटे पोखरलेले दिसतात.

माझा अंदाज असा, की थांबा पिकापेक्षा हातभर उंच हवा आणि निम्मे थांबे झाडाच्या बाजूला हवेत. चार दिवसांनी थांब्याखाली पांढरी विष्ठा दिसली नाही, तर जागा बदला. पुढच्या वर्षी पेरताना हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारी मिसळा, ताटांचेच थांबे होतात.

दुकानदार पहिल्याच फवारणीला दोन कीटकनाशकं आणि वर टॉनिक एकाच पंपात घालायला सांगेल. ऐकू नका. त्यात अळीवर जगणारे मित्रकीटकही मरतात, खर्च वाढतो आणि विषबाधित अळ्या पाखरांच्या पोटात जातात. आधी ओळीत बसून अळ्या मोजा.

बांधावरचं गवत चाऱ्याला हवं असेल तर विळ्याने कापा, तेही एका बाजूचं. दुसरी बाजू हरभरा निघेपर्यंत उभी राहू द्या.