कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी जोरदार हवेचा पंखा पारखायचा कसा

पंख्याच्या खोक्यावरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा मोकळ्या हवेतला असतो. हीटसिंकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) दाट पात्यांतून हवा ढकलायला स्टॅटिक प्रेशर (अडथळ्यातून हवा रेटणारा दाब) लागतं, म्हणून पंखा प्रोसेसरच्या कूलरवर, म्हणजे हीटसिंकवर लावूनच तपासा.

मी माझा राइझन ५ ५६००एक्स प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झला, ठरावीक व्होल्टेजवर बांधून ठेवतो. ऑटोवर सोडलात तर प्रोसेसर तापमान बघून स्वतःच वेग बदलतो आणि तुम्ही पंख्याऐवजी बायोसची (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगची) मर्जी मोजत बसता. थर्मल पेस्टला (प्रोसेसर आणि हीटसिंकमधल्या लेपाला) हात लावायचा नाही, हीटसिंक हलवायचा नाही. फक्त क्लिपा काढून पंखा बदलायचा.

सीलिंग फॅन बंद. (घरचे कुरकुरतात, कुरकुरू द्या.) कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या हवा घेण्याच्या बाजूला साधा थर्मामीटर ठेवा. पुण्यात एप्रिलची दुपार आणि पहाट यांत खोलीचंच तापमान कितीतरी बदलतं, त्यामुळे प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा वजा करून तो फरक लिहा. प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण राबवणारा प्रोग्राम) अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममधली शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या. पारा ९५ अंशांना टेकला तर प्रोसेसर वेग कमी करतो. ती चाचणी बाद.

चाचण्या दोन: आधी पंखे पूर्ण वेगावर, मग सगळे सारख्या आवाजावर आणून. मला दुसरीच महत्त्वाची वाटते. मोबाइलचं डेसिबल ॲप तुलनेपुरतं चालतं, फोन मात्र एकाच जागी हवा.

३८ मिलिमीटर जाडीचे सर्व्हरचे पंखे आणलेत तर लेबलवरचे अँपिअर वाचा. मदरबोर्डचा हेडर (पंख्याची पिन जिथे लागते ती जागा) बहुधा १ अँपिअरपर्यंतच झेपवतो. त्याहून जास्त अँपिअर ओढणाऱ्या पंख्याला वीज थेट एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) द्या. आणि जाळी लावा, बोटं आपलीच असतात.