स्टीम डेकवर वायफाय जोडताना या चुका टाळा

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा २०२२ साली आलेला हातात धरून खेळायचा कन्सोल असला, तरी आतून तो आर्च लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर उभारलेल्या स्टीमओएसवर चालणारा संगणकच आहे. त्यामुळे वायफाय अडले की लिनक्सची थोडीफार सवय असलेली माणसे लगेच टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, शोधू लागतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. स्टीमओएसमध्ये सिस्टिमचा मुख्य भाग फक्त वाचण्यापुरता खुला ठेवलेला असतो. तो बंधमुक्त करून तुम्ही त्यात काही बसवलेत, तरी पुढच्या अपडेटबरोबर सिस्टिमची संपूर्ण नवी प्रत येते आणि केलेले काम पुसले जाते. शिवाय वेगळ्या ड्रायव्हरची गरजही नसते, कारण एलसीडी मॉडेलमधील रिअलटेकच्या आणि ओलेड मॉडेलमधील क्वालकॉमच्या चिपचा ड्रायव्हर सिस्टिमबरोबरच येतो.

डेस्कटॉप मोडमध्ये (साध्या संगणकासारख्या पडद्यावर) नेट व्यवस्थित चालते आणि गेमिंग मोडमध्ये (खेळांच्या नेहमीच्या पडद्यावर) परतताच तुटते, अशी तक्रार असेल, तर पासवर्ड कुठे साठवला आहे ते आधी पाहावे. डेस्कटॉपवर नेटवर्क जोडताना पासवर्ड केवळ त्या वापरकर्त्यापुरता, केडीई या डेस्कटॉप पडद्याच्या प्रोग्रामच्या पासवर्डपेटीत ठेवला गेला असेल, तर गेमिंग मोडला तो मिळत नाही. ते नेटवर्क विसरायला लावून गेमिंग मोडमधूनच पुन्हा जोडणे हा सोपा उपाय आहे. हॉटेल किंवा वसतिगृहाच्या वायफायचे लॉगिनचे पान मात्र डेस्कटॉप मोडमधील ब्राउझरमध्ये उघडावे.

राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव ठेवण्याची सवयही त्रासदायक ठरते. कन्सोल नकळत २.४ वर जाऊन बसतो. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालत असल्याने हेडफोन लावताच आवाज तुटू लागतो आणि ऑनलाइन खेळ अडखळतो. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन कन्सोल ५ वर जोडावा आणि राउटरवर ३६ ते ४८ यांपैकी चॅनल (पट्ट्यातील ठरावीक क्रमांकाचा भाग) निश्चित करावा. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमानुसार ते चॅनल सोडावे लागते, आणि मग कोणतेही कारण न दिसता जोडणी तुटते. भिंती जास्त असतील तर ५ चा सिग्नल लवकर क्षीण होतो, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही जोडणी टिकत नसेल, तर सिस्टिम सेटिंग्जमधून डेव्हलपर मोड सुरू करावा. त्यात वायफायची वीजबचत बंद करता येते, तसेच वायफाय सांभाळणारा प्रोग्राम बदलून डब्ल्यूपीए सप्लिकंट हा दुसरा प्रोग्राम निवडता येतो. दोन्ही बदल एकदम करू नयेत. एक करावा, कन्सोल पुन्हा सुरू करावा आणि दिवसभर वापरून पाहावे, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

डाउनलोड हळू होते म्हणून वायफायला दोष देण्यापूर्वी डाउनलोडच्या पानावरील आलेख नीट पाहावा. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा अधिक वेग मिळणारच नाही. नेटवर्कची रेघ वारंवार शून्यावर येते आणि त्याच वेळी डिस्कचे काम चालूच राहते, असे दिसले, तर अडथळा बहुधा मेमरी कार्डावर लिहिण्याचा असतो. अशा वेळी राउटरला हात न लावता तोच गेम कन्सोलच्या आतल्या एसएसडीवर (मुख्य साठवणीवर) उतरवून पाहावा.