भिंतीवर टच स्क्रीन बसवताय? या चुका टाळा

घरातले दिवे, पंखे, कॅमेरे, दाराची बेल हे सगळं एका पडद्यावरून चालवायचं म्हणून लोक आधी टॅबलेट किंवा पॅनेल विकत घेतात आणि मग ते भिंतीवर कुठे, कसं लावायचं याचा विचार करतात. पुढे महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. चार्जिंग टिकत नाही, बोट न लावता बटणं दाबली जातात, पॅनेल मधूनच नेटवर्कवरून गायब होतं. दोष स्क्रीनला दिला जातो, पण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ स्क्रीनच्या मागे असतं: वायर किती जाड आहे, बॉक्स किती खोल आहे, त्यात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आहे का. गिलावा आणि रंग झाल्यावर हे बदलायचं तर पुन्हा फोडाफोड. म्हणून आधी भिंतीतलं काम ठरवा आणि त्याला साजेशी स्क्रीन नंतर घ्या.

चूक: लांब यूएसबी केबलने वीज आणणे

टॅबलेट लावणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक. चार्जर कपाटात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये ठेवायचा आणि पाच-सात मीटर यूएसबी केबल पाइपमधून खाली सोडायची. केबल जोडल्यावर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. दोन-तीन दिवसांनी बॅटरी शून्यावर.

हिशोब करून पाहा. स्वस्त यूएसबी केबलमध्ये वीज नेणारी तार बहुधा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम. पाच मीटर जायचे आणि पाच मीटर परतीचे, म्हणजे दहा मीटर तार आणि २.१ ओहम. स्क्रीन चालू असलेला टॅबलेट साधारण १ अँपिअर घेतो असं धरलं, तर २.१ व्होल्ट वाटेतच जातात आणि पाचापैकी तीनहूनही कमी उरतात. साडेचार व्होल्टच्या आसपास आल्यावरच बरेच टॅबलेट विजेची मागणी कमी करतात. त्यामुळे चिन्ह चार्जिंगचं दिसतं आणि बॅटरी मात्र उतरत राहते. चार्जर बदलून, दोन अँपिअरच्या जागी तीन अँपिअरचा लावून यात काहीही फरक पडत नाही, कारण अडचण तारेत आहे. तीच केबल २० गेजची असेल तर दहा मीटरचा रोध ०.३३ ओहम, आणि तूट फक्त ०.३३ व्होल्ट.

तरीही पाच व्होल्ट दीड-दोन मीटरपेक्षा लांब नेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत. वीज जास्त व्होल्टेजवर आणा आणि स्क्रीनच्या मागे उतरवा. त्याचे दोन चांगले मार्ग आहेत. पहिला, २४ व्होल्ट डीसी आणून बॉक्समध्ये पाच व्होल्टचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट, बसवणे. पाच वॅटसाठी २४ व्होल्टवर जेमतेम ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे तूट नगण्य. दुसरा मार्ग पीओईचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज. एकाच केबलवर वीज आणि डेटा दोन्ही येतात, वायफायवरचं अवलंबित्व संपतं आणि स्क्रीन रीस्टार्ट करायची असेल तर मॅनेज्ड नेटवर्क स्विचवरून (ज्याचे पोर्ट सॉफ्टवेअरमधून हाताळता येतात) पोर्ट बंद-चालू करता येतो. नवीन काम असेल तर हाच मार्ग घ्या.

पीओईतही तीन गोष्टी चुकतात. एक, वॅटचा अंदाज. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा नेटवर्क स्विच पोर्टवर १५.४ वॅट देतो, पण उपकरणाच्या टोकाला १२.९५ वॅटचीच हमी असते. दहा इंची आणि त्याहून मोठ्या पॅनेलला अनेकदा ८०२.३एटी हे पुढचं मानक लागतं, ज्यात उपकरणाला २५.५ वॅट मिळतात. पॅनेलच्या माहितीपत्रकातला कमाल वॅटचा आकडा वाचून स्विच निवडा. दोन, पॅसिव्ह पीओई. त्यात स्विच आणि उपकरण यांच्यात आधी ‘बोलणी’ होत नाहीत, केबलवर वीज सतत असते. तिथे चुकीचं उपकरण जोडलं तर ते जळू शकतं. तीन, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि दोन-चारदा वाकवली की तार तुटते. ओळखायची सोपी खूण: तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ती केबल भिंतीत घालू नका.

चूक: बॉक्स आणि न्यूट्रल न पाहता पॅनेल मागवणे

स्विचच्या जागी बसणारी चार इंची पॅनेल बहुतेक ८६ मिमी चौकोनी बॉक्ससाठी बनलेली असतात, ज्यात स्क्रूंमधलं अंतर ६० मिमी असतं. काही गोल ६० मिमी भोकासाठी असतात. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. त्याहून जास्त फसवते ती बॉक्सची खोली. पॅनेलचा मागचा भाग २५ ते ३० मिमी असला आणि बॉक्स ३५ मिमीचा असला, तर कागदावर ते बसतं. प्रत्यक्षात मागे चार-पाच वायर, कनेक्टर आणि त्यांची वळणं असतात. मग पॅनेल दाबून स्क्रू आवळले जातात, वायर चिमटली जाते किंवा टर्मिनलमधून सुटते. किमान ५० मिमी खोल बॉक्स घ्या. बॉक्सची कड गिलाव्याच्या पातळीत यायला हवी. आत राहिली तर स्क्रू पोचत नाहीत, बाहेर आली तर पॅनेल आणि भिंत यांच्यात फट राहते. गिलावा करण्याआधी बॉक्समध्ये कागद किंवा थर्माकोल कोंबा, नाहीतर आत सिमेंट भरतं आणि स्क्रूच्या आट्या बुजतात.

थेट मेनवर (घरातल्या मुख्य विजेवर) चालणाऱ्या पॅनेलला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. जुन्या वायरिंगमध्ये स्विचच्या बॉक्सात बरेचदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर असते. अशा ठिकाणी न्यूट्रलऐवजी अर्थिंगची वायर वापरायचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. पॅनेल चालू होईल, पण अर्थच्या वायरमधून सतत करंट वाहील, गळती ओळखणारा ब्रेकर ट्रिप होईल, आणि कुठे अर्थ तुटली तर उपकरणांच्या धातूच्या भागांवर वीज येईल. न्यूट्रल ओढून आणा किंवा कमी व्होल्टेजवर चालणारं पॅनेल निवडा. मेनचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एमसीबी बंद केल्यावरही मल्टिमीटरने तपासल्याशिवाय वायरला हात लावू नका, कारण एकाच बॉक्समध्ये दोन सर्किट्स असू शकतात.

मेनच्या वायरी आणि नेटवर्क केबल एकाच बॉक्समध्ये किंवा एकाच पाइपमध्ये नकोत. वेगळे पाइप घाला, समांतर जाताना शक्य तितकं अंतर ठेवा, आणि जिथे एकमेकांना ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडा. पाइप २५ मिमीचा घ्या आणि त्यात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. उद्या केबल बदलायची वेळ आली की ती उपयोगी पडेल. बॉक्समध्ये २० ते ३० सेंमी केबल जास्तीची ठेवा.

पॅनेलमध्ये रिले (दिवे चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) असतील तर त्यावरचा अँपिअरचा आकडा नीट वाचा. तो सहसा साध्या हीटरसारख्या लोडसाठी असतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. दिवा बंदच होत नाही, ही त्याची पहिली खूण. पंप किंवा मोठा हीटर तर कॉन्टॅक्टरवरूनच (जास्त करंट पेलणारा मोठा रिले) चालवा. आणि खोलीतल्या मुख्य दिव्याला साधा स्विच राहू द्या.

बोट न लावता स्क्रीन दाबली जात असेल तर

ही तक्रार आली की लगेच स्क्रीन बदलायला धावू नका. टॅबलेट असेल तर चार्जिंगची पिन काढा आणि दहा मिनिटं बॅटरीवर चालवा. भुताटकी थांबली तर दोष वीजपुरवठ्यात आहे. कॅपॅसिटिव्ह टच अतिशय सूक्ष्म विद्युत बदल मोजतो. हलक्या प्रतीच्या ॲडॅप्टरमधला गोंगाट पाच व्होल्टच्या तारेवरून थेट स्क्रीनपर्यंत येतो, आणि स्क्रीनला तेही बोटच वाटतं. चांगल्या प्रतीचा, शक्यतो अर्थिंगची पिन असलेला पुरवठा लावून पाहा. केबलवर फेराइट कोअर (गोंगाट अडवणारी चुंबकीय कडी) चढवल्यानेही काही वेळा फरक पडतो.

बॅटरीवरही तेच होत असेल तर फ्रेम पाहा. सजावटीची चौकट काचेच्या कडेवर दाबून बसली असेल, स्क्रू जास्त आवळले असतील, तर कडेजवळच्या पट्ट्यात खोटे स्पर्श उमटतात. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. स्पर्श जिथे जिथे नोंदला जातो तिथे रेघा दिसतात. रेघा सतत एकाच कडेला येत असतील तर फ्रेम सैल करा. चौकट आणि स्क्रीनचा चालू भाग यांच्यात किमान १ मिमी मोकळी जागा हवी. संपूर्ण स्क्रीनवर विखुरलेल्या रेघा दिसल्या तर संशय पुन्हा विजेवर किंवा ओलाव्यावर जातो.

आणखी एक कारण सहज निसटतं. बरेच टच कंट्रोलर चालू होतानाची स्थिती ‘कोणी हात लावलेला नाही’ अशी धरून चालतात. चालू होत असताना स्क्रीनवर हात, ओला फडका किंवा संरक्षक फिल्मखाली अडकलेलं पाणी असेल तर तेवढा भाग नंतर बधिर राहतो किंवा चुकीचा वागतो. स्क्रीन कोरडी पुसा आणि हात न लावता पुन्हा चालू करा.

चूक: बॅटरीचा विचार न करणे

टॅबलेट कायम चार्जिंगला आणि बॅटरी कायम १०० टक्के, वर भिंतीतली बंदिस्त, गरम जागा. लिथियम बॅटरी फुगायला एवढं पुरतं. टॅबलेटमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा. नसेल तर स्मार्ट प्लग लावून ४० टक्क्यांना चालू, ८० ला बंद असा नियम करा. टॅबलेटच्या मागे आणि वर-खाली किमान १० मिमी हवा खेळू द्या.

काचेची कड उचलली जाणं, स्क्रीनच्या मधोमध फिकट डाग दिसणं, फ्रेमला फट पडणं ही फुगल्याची लक्षणं. तसं दिसलं तर दाबून बसवू नका. वीज तोडा, टॅबलेट बाहेर काढा आणि बॅटरी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. म्हणूनच टॅबलेट भिंतीला चिकटवून टाकू नये. मॅग्नेटची किंवा सरकवून काढायची पट्टी वापरा, म्हणजे तो हाताने काढता येईल.

जागा

उभ्याने वापरायची स्क्रीन असेल तर मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवतात. घरात व्हीलचेअर किंवा लहान मुलं असतील तर ९० ते १२० सेंमी. स्क्रीनच्या मापाचा पुठ्ठा कापून दोन दिवस भिंतीला चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ पाहा. खिडकीसमोर दिवसभर चकाकी येते, दार उघडल्यावर पॅनेल त्यामागे जातं, अशा गोष्टी तेव्हाच कळतात. पॅनेलमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर स्क्रीनच्या उष्णतेने तो काही अंश जास्त दाखवतो. पाइपमधून येणाऱ्या झुळकेनेही आकडा बिघडतो, म्हणून बॉक्समधली पाइपची तोंडं पुटीने बुजवा. एसी चालवायला मात्र वेगळा सेन्सरच बरा.

वायफायवर चालणार असेल तर सिग्नल नेमक्या त्याच जागी, स्क्रीन भिंतीत बसवून मोजा. उणे ६५ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप) चिंता नाही, उणे ७५ च्या आसपास कनेक्शन तुटायला लागतं. धातूचा बॉक्स सिग्नल अडवतो, तिथे प्लास्टिकचा घ्या. राउटरमध्ये पॅनेलसाठी पक्का आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवा.

फ्रेम पक्की करण्याआधी

मेन स्विच बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा आणि कशालाही हात लावू नका. बरेचदा पॅनेल राउटरच्या आधी चालू होतं, त्याला सर्व्हर सापडत नाही आणि पडद्यावर एररचं पान तसंच अडकून राहतं. त्यासाठी किओस्क ॲपमध्ये (पडद्यावर एकच पान कायम दाखवणारं ॲप) ठरावीक वेळाने पान पुन्हा लोड करायची सोय चालू करा. त्याच ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर अँड्रॉइड ते रात्री बंद करतं. मग टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि वीज जोडा. अनेक टॅबलेट अशा वेळी आपोआप सुरू होत नाहीत, पॉवरचं बटण दाबावं लागतं. तुमचा त्यातला निघाला तर चौकटीत त्या बटणासाठी खाच ठेवा.