चॉकलेट चिया पुडिंग: शुक्रवारच्या बाजारापासून रविवारच्या वाटीपर्यंत

रविवारी सकाळी सहाजण नाश्त्याला येणार असतील, तर चॉकलेट चिया पुडिंगचं काम शुक्रवारी बाजारात सुरू होतं आणि शनिवारी रात्री झोपायच्या आधी संपतं. रविवारी वाट्या फ्रिजबाहेर काढायच्या, एवढंच. वेगवेगळ्या चवी हव्यात म्हणून वेगवेगळी पुडिंगं करत बसायची गरज नाही. मूळ मिश्रण एकच. त्यात गरम दुधात काय पडतं, गार मिश्रणात काय आणि वाढताना वरून काय, एवढं पक्कं डोक्यात असलं की वेलदोड्यापासून संत्र्यापर्यंत काहीही जमतं. म्हणून पुढची यादी वेळेच्या क्रमाने लावली आहे.

शुक्रवारी आधी चिया बघा. पाकीट घरात असेल तर उघडून वास घ्या. या बियांत तेल भरपूर असतं आणि उन्हाळ्यात ओट्याजवळच्या कपाटात राहिलं की ते खवट होतं. असा चिया कोकोखालीही लपत नाही. नवा घेणार असाल तर रंग पाहा: करडा, तपकिरी, मध्येच एखादा पांढरा, बियांवर ठिपके आणि थोडी चकाकी. फालुद्यात घालतात तो सब्जा काळाकुट्ट आणि बिनचकाकीचा असतो. सुट्या मालाच्या दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात, म्हणून विचारून घ्या. सब्जा पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत टम्म फुगतो, पण दुधाला चियासारखा दाटपणा आणत नाही. सब्ज्याचं पुडिंग सकाळी चमच्यावरून ओघळतं. सहा वाट्यांना साधारण ११० ग्रॅम चिया लागतो, म्हणजे मोजायच्या १५ मिलीच्या चमच्याने नऊ चमचे. पोह्यांच्या चमच्याने मोजू नका, घरोघरी त्याचं माप वेगळं.

दुसरी खरेदी कोको पावडरची. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा इथे चालणार नाही, त्यात बरीचशी साखरच असते. घटकांच्या यादीत फक्त कोको असेल तर ती साधी पावडर: रंगाने फिकट, चवीला किंचित आंबट. यादीत आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ असे आकडे दिसले तर ती अल्कली लावलेली: गडद, मवाळ. संत्रं किंवा स्ट्रॉबेरी घालणार असाल तर मला साधी आवडते, कॉफी आणि नारळासोबत गडद. पण एकच डबा घरात असेल तर दुसरा आणायला धावू नका. मोजायचे सहा चमचे भरून लागतील. सोबत ५० ग्रॅम डार्क चॉकलेटचा तुकडा घेतलात तर पुडिंगला जो भरदारपणा येतो तो नुसत्या पावडरीने येत नाही.

दूध पाऊण लिटर. फळं मोसमाची. नागपूरची संत्री बाजारात दोनदा येतात, आंबिया बहाराची दिवाळीच्या आसपास आणि मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीचा. पावसाळ्यात ही दोन्ही शोधत फिरण्यापेक्षा कॉफी, मसाले, नारळ आणि दाणे यांवर भिस्त ठेवा. हे घरात बाराही महिने असतं.

आणखी एक काम शुक्रवारीच उरका: येणाऱ्यांपैकी कुणाला शेंगदाण्यांची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, कुणी दूध घेत नाही का, कुणाला गिळायला त्रास होतो का, हे फोनवर विचारून घ्या. चिया पूर्ण भिजलेलाच खायचा असतो. कोरडा चमचाभर तोंडात टाकून वर पाणी प्यायलं तर तो अन्ननलिकेत फुगून अडकल्याची उदाहरणं आहेत. शिवाय एका वाटीत पाच-सहा ग्रॅम तंतू जातात. ज्यांच्या पोटाला सवय नाही त्यांना पहिल्यांदा अर्धीच वाटी द्या, आणि टेबलावर पाण्याचा तांब्या राहू द्या.

शनिवारी संध्याकाळी दूध तापवून बाजूला ठेवा आणि साय काढून घ्या. राहिलेली साय थंड झाल्यावर पुडिंगमध्ये धाग्यांसारखी लागते. फ्रिजमधला खण आधीच रिकामा करा. सहा वाट्या झाकणांसकट सपाट बसतील एवढी जागा रात्री साडेदहाला सापडत नाही. जॅमच्या रिकाम्या बाटल्या असतील तर उत्तम, पण त्यांच्या झाकणांना लोणच्याचा वास नाही ना, ते हुंगून पाहा. पुडिंगमधलं दूध तो वास लगेच ओढून घेतं.

आता मूळ मिश्रण. एका जाड बुडाच्या पातेल्यात कोको, पाच-सहा चमचे साखर आणि मिठाची चिमूट गाळणीतून चाळून घ्या. मीठ वगळू नका, त्याशिवाय कोको बोथट लागतो. त्यावर अर्धी वाटी कडकडीत गरम दूध थोडं थोडं घालत, चमच्याच्या पाठीने दाबत घोटा. कोकोला गार दूध आवडत नाही, पावडर वर तरंगते आणि गुठळ्या आतून कोरड्या राहतात. गरम दुधात दोन मिनिटं घोटल्यावर चमच्याला धरून राहणारा, चकचकीत, गडद लेप तयार होतो आणि स्वयंपाकघरभर चॉकलेटचा वास सुटतो. वास सुटला म्हणजे कोको उमलला. चॉकलेटचा तुकडा घालायचा असेल तर याच क्षणी, लेप गरम असताना. मग उरलेलं गार दूध ओतून रवीने एकजीव करा आणि चाखा. या पातळ अवस्थेत ते जरा जास्त गोड लागलं पाहिजे, कारण फ्रिजमधल्या गारव्यात गोडी मंदावते.

चिया याच्या नंतर, मिश्रण पूर्ण कोमट किंवा गार झाल्यावर. सगळा एकदम ओतू नका, एका हाताने भुरभुरवा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. ओला होताच प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण धरतं आणि शेजारशेजारच्या बिया एकमेकींना चिकटतात. तशाच सोडल्या तर तळाशी गोळा बसतो, बाहेरून फुगलेला आणि आतून कच्चा. म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा ढवळा आणि पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्या ढवळण्यापर्यंत मिश्रण पातळ कढीएवढं झालेलं असतं, आणि तीच वाट्यांत वाटायची व चवी घालायची वेळ.

पण गरमात उतरणाऱ्या चवींची तयारी याआधी करावी लागते. ओट्यावर लहान वाट्या मांडा आणि दूध गरम असतानाच प्रत्येकीत चमचा-दीड चमचा घेऊन एकेक चव त्यात भिजवा, वर झाकण ठेवा. एका वाटीत अर्धा लहान चमचा इन्स्टंट कॉफी. ती स्वतःची चव पुढे करत नाही, चॉकलेटलाच जास्त चॉकलेट करते. चिकोरी मिसळलेली कॉफी मात्र कडवट शेपूट ठेवते. दुसऱ्या वाटीत वेलदोड्याची ताजी पूड आणि जायफळाचे किसणीवरचे चार-पाच फेरे. ही बासुंदीकडे झुकणारी चव घरातल्या मोठ्यांना हमखास पटते. तिसऱ्या वाटीत दालचिनी आणि लाल तिखटाची अगदी लहान चिमूट.

या तिसऱ्या वाटीबद्दल लोक आधी तोंड वाकडं करतात, पण चॉकलेट आणि मिरची ही जोडी आपल्याकडच्या कुणा शेफची टूम नव्हे. मेक्सिकोत स्पॅनिश लोक १५१९ मध्ये उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे कोकोचं पेय मिरची घालून पीत. चियाही त्याच मातीतला. अॅझ्टेक राज्यात तो खंडणीच्या धान्यांत मोजला जाई आणि मेक्सिकोत आजही लिंबाच्या सरबतात भिजवून पितात. दालचिनी त्यात नंतर आली, आपल्या बाजूच्या समुद्रातून. तेव्हा सहापैकी एक वाटी तरी तिखटाची करा. तिखट रंगाचं नको, झणझणीतही नको. काश्मिरी मिरचीत रंगच जास्त, तर लवंगीने घसा धरेल. ब्याडगी मधली आहे. पहिल्या घासाला काही कळत नाही, गिळल्यावर घशात हलकी ऊब येते, तेवढंच हवं.

संत्र्याचं काम निराळं. रस घालायचा नाही, दूध नासतं. चव सालीत आहे. संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा, वर मेण लावलेलं असू शकतं. मग सोलायच्या आधी किसून घ्या, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि सोलल्यावर किसणीवर धरताच येत नाही. फक्त नारिंगी थर किसायचा. पांढरं दिसलं की थांबा, कडूपणा तिथेच. तो कीस चमचाभर साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळा. मिनिटभरात साखर ओलसर, केशरी होते आणि बोटांना दिवसभर वास राहतो. सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलं की ती साखर गार मिश्रणातही छान मिसळते. या वाटीपुरती मूळ मिश्रणात साखर कमी धरा.

गार मिश्रणात जाणाऱ्यांत दाणे पहिले. आमटीसाठी करतो तसलं कूट इथे रवाळ लागतं. भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवत राहा, आधी पूड होते, मग गोळा, मग तेल सुटून लेप. त्याचा मोठा चमचा कोमट दुधात सैल करून वाटीत मिसळा. सोबत कुस्करलेलं पिकलं वेलची केळं छान जातं आणि साखरेचीही बचत होते, पण केळं रात्रभरात काळं पडतं. ते सकाळी घाला.

दूध न घेणाऱ्यासाठी नारळ. एका नारळाचं घट्ट पहिलं दूध काढा, त्यात थोडं दुसरं मिसळून वाटीभर करा आणि कोको, चिया याच प्रमाणात घालून ती वाटी वेगळीच भिजवा. गोडीला गूळ घ्या, पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून. गरम दुधात गूळ पडला तर दूध फाटायची भीती असते, म्हणून गाईच्या-म्हशीच्या दुधालाही गुळाचा हा थंड मार्गच बरा. नारळाच्या दुधातली चरबी फ्रिजमध्ये गोठते, त्यामुळे ही वाटी सकाळी दगडासारखी वाटेल. वाढायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवली की पूर्ववत होते.

काही चवी मी मुद्दाम बाहेर ठेवते. केशर कोकोत बुडून जातं, पैसे वाया. हापूस आणि चॉकलेट यांचं माझ्या जिभेवर कधी जमलं नाही, आंब्याला आंबा राहू द्यावा. कच्चं अननस आणि किवी दुधाच्या पुडिंगमध्ये रात्रभर ठेवू नका. त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि सकाळी वाटी कडवट होते. अननस शिजवून घेतलं तर हा त्रास राहत नाही.

आणि सहाच्या सहा चवी एकाच रविवारी करायचा अट्टहास नको. तीन पुरतात. वाट्यांच्या झाकणांवर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहा. रंग सगळ्यांचा एकच तपकिरी असतो आणि तिखटाची वाटी चुकून नातवाच्या हाती गेली तर सकाळभर तोच विषय.

रविवारी सकाळी वाटी तिरकी करून पाहा. पुडिंग हळूच एका बाजूला सरकलं तर बरोबर. पाण्यासारखं वाहिलं तर चमचाभर चिया ढवळून अर्धा तास थांबा. चमचा उभा राहिला तर दोन चमचे दूध. ज्यांना बियांचा बुळबुळीतपणा नकोसा वाटतो, त्यांची वाटी थोड्या दुधासह मिक्सरमधून फिरवा, मऊ मूससारखी होते. गुलकंद घालायचा तर आता, वाटीला एक लहान चमचा, वरून. आधी मिसळला तर त्यातल्या पाकळ्यांचा वेगळा घास लागत नाही. स्ट्रॉबेरी चिरून चमचाभर साखरेसोबत पाच मिनिटं शिजवा, गार करा आणि तीही वरच. भाजलेल्या खोबऱ्याचे काप, बदामाचे तुकडे, चिक्कीचा चुरा हे वाटी हातात देतानाच. दहा मिनिटं आधी घातलं तरी चिक्की चिघळते.

फळ न घातलेल्या वाट्या झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात, फळाच्या त्याच दिवशी संपवा. उरलेलं कॉफीचं किंवा वेलदोड्याचं पुडिंग थोडं दूध मिसळून कुल्फीच्या साच्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, संध्याकाळी मुलं खेळून येईपर्यंत घट्ट झालेलं असेल.