आयटीचं कंत्राट देताना काय पाहावं: नागपूरच्या व्यापाऱ्यांसाठी

इतवारीतलं ठोक किराणा दुकान असो की हिंगण्यातलं फॅब्रिकेशन युनिट, संगणकाचं सगळं काम बहुतेक ठिकाणी एका ओळखीच्या माणसाकडे असतं. माणूस भला असतो, हाक मारली की येतो. पण तो आठ दिवस गावाला गेला, तर बिलं निघतील का? याचं उत्तर ‘हो’ असेल तरच तो भरवशाचा. हा भरवसा तपासता येतो, आणि तपासायलाच हवा.

आधी चाव्या ताब्यात घ्या

आयटीवाल्याला तासभर समोर बसवा आणि एका वहीत लिहून काढा: वेबसाइटचं डोमेन (म्हणजे तिचं नाव आणि पत्ता) कोणाच्या खात्यात आहे, टॅलीचं लायसन्स कोणत्या ईमेलला जोडलंय, राउटर, सीसीटीव्ही आणि सर्व्हरचे अ‍ॅडमिन पासवर्ड काय. डोमेन त्याच्या स्वतःच्या खात्यात निघतं, हा नेहमीचा अनुभव. उद्या फाटलं, की वेबसाइटसोबत कंपनीचा ईमेलही जातो. सगळं फर्मच्या ईमेलवर आणि फर्मच्या सिमवर वळवून घ्या. वही तिजोरीत ठेवा.

हाच नियम जीएसटीला. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर लॉगिनसाठी ओटीपी सगळ्यांनाच लागतो. तो अकाउंटंटच्या एकट्याच्या मोबाइलवर जात असेल आणि तो लग्नाला गेला, तर वाडीच्या गोदामात भरलेला ट्रक उभा राहतो. पोर्टलवर प्रत्येक कामाच्या माणसासाठी वेगळा सब-युजर बनवता येतो, ज्याचा त्याचा मोबाइल जोडून. पाच मिनिटांचं काम आहे.

बॅकअप: घेतला की नाही हे विचारू नका, परत आणून दाखवायला सांगा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पेन ड्राइव्ह कायमचा संगणकाला लावलेला असतो आणि त्यालाच बॅकअप म्हणतात. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं, की जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह त्यात लॉक होते. क्लाउडवर आपोआप सिंक होणारं (जसं बदलेल तसं वर जाणारं) फोल्डरही पुरेसं नाही, कारण बिघडलेली फाइलही तितक्याच इमानदारीने वर जाते. गूगल ड्राइव्हमध्ये जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मिळते. त्यानंतर लक्षात आलं तर हात रिकामे. आणि टॅलीचा चालू डेटा तर सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवूच नये. एकाच फाइलवर टॅली आणि सिंक दोघांची ओढाताण होते आणि डेटा फाटतो.

सोपी पद्धत अशी. १ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना बॅकअप घ्या आणि डिस्क काढून ठेवा. दर शनिवारी डिस्क बदला. वापरात नसलेली घरी न्या. तिसरी प्रत पासवर्ड लावून क्लाउडवर. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, हे सीएला विचारून पक्कं करा.

दर तीन महिन्यांनी परीक्षा घ्या. आयटीवाल्याला दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये बॅकअप उघडायला सांगा. चालू डेटाच्या फोल्डरमध्ये कधीही नाही, नाहीतर जुना डेटा नव्यावर बसतो. मग दोन गोष्टी जुळवा: शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज. जो आयटीवाला ही परीक्षा टाळतो, त्याला एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) देऊ नये.

ऊन, कूलर आणि अर्थिंग

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हा भाग नसतो. नागपूरचा मे ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि यूपीएसमधल्या १२ व्होल्ट, ७ एएचच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना साधारण निम्मं होतं. त्यामुळे पेटीवर लिहिलेली वर्षं इथे धरू नका. मार्चमध्येच तपासा: काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटंही टिकत नसेल तर बॅटरी बदला. ६०० व्हीएच्या यूपीएसवर एक संगणक आणि मॉनिटर, बस. लेझर प्रिंटर त्यावर लावला, की छपाई सुरू होताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

कूलरची हवा सर्व्हरवर सोडू नका. ओलसर हवेत धूळ प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर लेपासारखी चिकटते, प्रोसेसर तापून मंद होतो आणि लोक नवा संगणक घ्यायला निघतात. बरेचदा ब्लोअर मारणं आणि थर्मल पेस्ट बदलणं एवढंच पुरतं.

इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. ३ व्होल्टच्या आत हवा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हा आकडा चढतो. खड्ड्यात पाणी घालत राहा. बुटीबोरीसारख्या ठिकाणी दोन शेडमध्ये उघड्यावरून लॅन केबल टाकलेली असेल तर ती काढून फायबर टाका. जूनमधल्या विजांनी स्विचचे पोर्ट त्याच वाटेने जळतात. शिवाय तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नसते.

करारात काय हवं

एएमसी सुट्या भागांसह आहे की फक्त मजुरीची, हे पहिल्या ओळीत लिहून घ्या. भांडणं इथूनच होतात. किती तासांत माणूस येईल, मशीन उचलून नेलं तर बदली मशीन मिळेल का, दर तिमाहीला साफसफाईची फेरी होईल का, आणि सोडताना ३० दिवसांत सगळं हस्तांतर करेल का, हेही लिहा. पैसे तिमाहीने द्या. दहा-बारा मशीनच्या ऑफिसला शहरातली तीन-चार माणसांची छोटी फर्म मोठ्या कंपनीपेक्षा बरी पडते, कारण माणूस त्याच दिवशी दारात येतो.

आयटीवाला क्रॅक केलेलं (लायसन्स नसलेलं) सॉफ्टवेअर टाकून देत असेल तर तिथेच थांबा. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केला जातो आणि दार उघडंच राहतं. दुरून काम करायला सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप (बाहेरून संगणक चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडून देणं हाही तितकाच मोठा धोका; ते व्हीपीएन (इंटरनेटवरचा खाजगी, सुरक्षित मार्ग) लावून मागा.

‘सगळे संगणक बदला’ म्हणाला तर यादी मागा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, पण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची बहुतेक मशीन ११ वर जातात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकलं की बिलिंगला पुरेसं.

आणि स्क्रीनवर खंडणीची नोटीस दिसलीच, तर आधी लॅन केबल उपटा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो काढा. आयटीवाल्याला फॉरमॅट मारू देऊ नका, पुरावा जातो. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा. मशीन साफ होईपर्यंत हार्ड डिस्क ‘अ’ आणि ‘ब’ कोणत्याही मशीनला लावायच्या नाहीत.