कासवाच्या पाठीवर किती यूव्ही पडतं? दिवा निवडायचा आणि तपासायचा कसा

कोल्हापुरात एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तसंही पाळलेल्या कासवाची किंवा सरड्याची टाकी खिडकीशी ठेवून काही साधत नाही, कारण उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्हीबी किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. हे किरण कातडीवर पडले तरच ड-३ जीवनसत्त्व बनतं, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग स्लायडर कासवाचं कवच मऊ पडतं, इग्वाना सरड्याचा जबडा सुजतो, पाय वाकतात. म्हणून दिवा लागतो. (स्टार कासव आणि देशी साप, घोरपड पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्यांच्यासाठी हा लेख नाही. आणि स्लायडर सांभाळणं जमेना म्हणून रंकाळ्यात सोडू नका. ते परदेशी कासव आहे, आपल्या कासवांच्या जागेवर हक्क सांगतं.)

आधी काय घेऊ नये

दुकानदार दिव्याखाली नोट धरतो, नोट चमकते आणि ‘बघा, यूव्ही आहे’ म्हणतो. नोट चमकते ती यूव्हीएने, म्हणजे ड-३ न बनवणाऱ्या अतिनील किरणांनी. जांभळा बल्ब, नोटा तपासायची नळी, डास मारायच्या यंत्रातली नळी यांत कामाचं यूव्हीबी नसतं. पाणी निर्जंतुक करायची यूव्हीसी नळी तर प्राण्याचे आणि तुमचेही डोळे जाळेल.

दिवा कोणता

बहुतेक घरांसाठी यूव्हीबी देणारी टी-५ एचओ (बारीक, ‘हाय आउटपुट’ म्हणजे जास्त जोराची) नळी आणि मागे चकचकीत रिफ्लेक्टर. २४ वॅटची नळी सुमारे ५५ सेंटिमीटर लांब असते, ५४ वॅटची ११५. फसगत इथेच होते: घरातल्या जुन्या २८ वॅटच्या टी-५ पट्टीत ५४ वॅटची नळी लांबीने अगदी बसते, पेटतेही, पण चोक तिला पुरेशी वीज देत नाही आणि यूव्ही कमी पडतं. चोकवर एचओ आणि नळीइतकेच वॅट लिहिलेले हवेत. एलईडीच्या पट्टीत ही नळी चालत नाही. बाहेरून मागवलेला दिवा ११० व्होल्टचा नाही ना, तेही वाचा. मर्क्युरी व्हेपर बल्ब उष्णता आणि यूव्ही दोन्ही देतो, पण वीज जाऊन आली की थंड होईपर्यंत पेटत नाही. जिथे वीज सारखी जाते तिथे तो डोकेदुखी आहे.

खोक्यावरचे ५.० किंवा १०.० हे आकडे दिव्यातून निघणाऱ्या यूव्हीबीचं प्रमाण सांगतात. पाठीवर किती पोचतं ते सांगत नाहीत.

मोजायचं कसं

सोलरमीटर ६.५ सारखं यूव्ही इंडेक्स (यूव्हीच्या जोराचा आकडा) दाखवणारं मीटर लागतं. ते दिव्यापेक्षा महाग पडतं, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावं. आधी मीटरच तपासा. एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी गच्चीवर १० च्या वर आकडा यायला हवा. सेन्सरवर खिडकीची काच धरली की तो शून्याजवळ कोसळायला हवा.

नवी नळी पहिले १०० तास जास्त तेज असते. रोज १० तास लावली तर दहा दिवस जाऊ द्या. त्यानंतर मोजताना नळी अर्धा तास पेटलेली हवी. मीटर टाकीच्या तळाशी नको, कासव ऊन खाताना पाठ जिथे असते त्या उंचीवर, सेन्सर दिव्याकडे करून धरा. नळीच्या मधोमध आणि दोन्ही टोकांखाली मोजा. टोकांना आकडा उतरतो.

स्लायडर, बियर्डेड ड्रॅगन (हाही सरडाच), इग्वाना यांना ऊन खायच्या जागी ३ च्या आसपास पुरतं. लेपर्ड गेको (एक पाल), बॉल पायथन (परदेशी अजगर) यांना ०.५ ते १. कुठल्याही दिव्याखाली ७ च्या वर जाऊ नये. डोळे मिटून राहणं ही जास्त झाल्याची पहिली खूण.

सुरुवात ३० सेंटिमीटरपासून करा आणि आकडा बघून नळी वर-खाली सरकवा. मध्ये बारीक जाळी असेल तर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत यूव्ही तिथेच खपतं: समजा जाळीविना ३.४ येत असेल, तर जाळीतून २ सुद्धा मुश्किलीने. काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण असेल तर दिवा लावलाच नाही असं समजा. नळी वरून लावा, बाजूने नको. टाकीचा निम्मा भाग सावलीत राहू द्या, प्राण्याला हटता आलं पाहिजे. नळी गरम करत नाही, म्हणून तिच्याच बाजूला वेगळा हॅलोजन बल्ब. आणि वायर बोर्डच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे टाकीतलं पाणी ओघळून सॉकेटमध्ये शिरणार नाही.

नळी कधी बदलायची

डोळ्यांना उजेड तसाच दिसतो, यूव्ही मात्र उतरत जातं. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उंचीवर मोजून तारखेसह वहीत लिहा. पहिल्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर आला की नळी बदला; मीटर नसेल तर टी-५ वर्षाने. स्लायडरकडून उतरलेली नळी फेकण्याआधी गेकोच्या पेटीवर धरून बघा. उंच लावली आणि ०.७ येत असेल तर तिथे अजून काही महिने चालेल.